वारली चौक ते चादर : एका लोकनक्षीच्या गृहवस्त्रांतील प्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात आज वारली नक्षी अपरिचित राहिलेली नाही. पडदे, पलंगपोस, उशांचे अभ्रे, टेबलावरील आच्छादने अशा गृहोपयोगी वस्त्रांवर दोन त्रिकोणांनी बनलेल्या मानवाकृती, तारपा वाजविणारा वादक व त्याच्याभोवती फेर धरलेले स्त्री-पुरुष सर्रास आढळतात. पुण्यासारख्या शहरात हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि वस्त्रांच्या दुकानांत ही नक्षी सहज उपलब्ध असते. तिला 'पारंपरिक' म्हटले जाते. तथापि भिंतीवरील विधिचित्र ते कापडावरील नक्षी हा तिचा प्रवास अवघ्या काही दशकांचा असून तो आपोआप घडलेला नाही. त्यामागे शासकीय धोरण, काही कलावंतांचे परिश्रम, वस्त्रनिर्मितीची तांत्रिक बंधने आणि बाजारपेठेची निवड अशी अनेक कारणे आहेत.

लोककलेच्या अभ्यासात सामान्यतः मूळ रूपाचे वर्णन व त्याचे सांस्कृतिक महत्त्व यांवर भर दिला जातो. ते रूप दुसऱ्या माध्यमात जाताना त्यातील काय टिकते, काय गळते आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत निबंधात वारली नक्षीच्या निमित्ताने या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वारली विवाहविधीतील चौकाचे मूळ स्वरूप व त्याच्या कर्त्या यांचा परामर्श घेणे.
२. स्वातंत्र्योत्तर काळातील हातमागविषयक धोरण व वारली चित्रकला यांचा संबंध तपासणे.
३. विणकाम व छपाई यांच्या तंत्रामुळे नक्षीत होणारे बदल स्पष्ट करणे.
४. नक्षीच्या मालकीसंबंधी प्रचलित कायद्यांच्या मर्यादा दाखविणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

चौक : स्थळ, काळ आणि कर्त्या

वारली जमातीची वस्ती प्रामुख्याने डहाणू, तलासरी, पालघर, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या परिसरात आहे. हा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर तो त्यात समाविष्ट झाला. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून त्यावर गेरूचा हात दिला जातो आणि त्या तांबूस पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र रेखाटले जाते. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन मूलभूत आकारांवर संपूर्ण चित्रभाषा उभी आहे.

या चित्रांत सर्वाधिक महत्त्व विवाहप्रसंगी काढल्या जाणाऱ्या लग्नचौकाला आहे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती वनस्पतिसृष्टीची व सुफलतेची देवता मानली जाते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यासह पंचशिऱ्या देवाचे चित्र असते. चौक लिहिण्याचा अधिकार परंपरेने सवाशिणींचा असून विवाहविधीत धवलेरी ही गाणी म्हणणारी स्त्री पुरोहिताचे कार्य करते. म्हणजेच चित्र आणि मंत्र ही दोन्ही अंगे स्त्रियांच्या हाती होती.

येथे तीन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली, चौक हा विशिष्ट काळाशी बांधलेला होता. विवाह संपन्न झाल्यावर त्याचे कार्य संपत असे आणि पुढील सारवणात तो नाहीसा होत असे. दुसरी, त्याला निश्चित केंद्र होते. भोवतीची झाडे, माणसे, पशुपक्षी हे त्या केंद्राच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरत. तिसरी, तो कोणा एका व्यक्तीच्या नावाने ओळखला जात नसे. गृहवस्त्रावरील नक्षी या तिन्ही बाबतींत नेमकी उलट असते. ती टिकाऊ असावी लागते, तिला केंद्र नसून पुनरावृत्ती असते आणि तिच्यावर निर्मात्याची किंवा विक्रेत्याची मुद्रा असते.

विवाह, कर्ज आणि १९४५ चा उठाव

लग्नचौकाचा विचार केवळ सौंदर्याच्या अंगाने केल्यास इतिहासाचा मोठा भाग दृष्टीआड होतो. ज्या विवाहासाठी चौक लिहिला जाई, तोच विवाह अनेक वारली पुरुषांच्या गुलामगिरीचा आरंभ ठरत असे. लग्नखर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि त्या बदल्यात स्वतः, पुष्कळदा पत्नीसह, त्याच्याकडे राबावे, ही लग्नगडीची पद्धत या भागात रूढ होती. मुंबई सरकारच्या वतीने डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीसंबंधी जो अहवाल सादर केला, त्यात या वेठीची नोंद झाली होती.

१९४५ हे वर्ष या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. याच वर्षी के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि याच वर्षी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात झाला होता. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या अनुभवकथनास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

योगायोग असा की, ज्या काळात या पुस्तकाद्वारे मराठी वाचकाला वारली माणसाच्या संघर्षाची ओळख झाली, त्याच काळात वारली चित्रकलेची ओळख शहरी कलाजगताला होऊ लागली. पुढे मध्यमवर्गीयांच्या घरात या दोहोंपैकी चित्र पोहोचले आणि संघर्ष ग्रंथालयातच राहिला. पडद्यावरील वारली माणूस सदैव नाचत असतो. त्याच्या लग्नामागचे कर्ज त्या पडद्यावर कोठेही नसते. ही निवड कोणी जाणीवपूर्वक केली असे म्हणता येणार नाही. मात्र तिचा परिणाम शहरी समाजाच्या आदिवासीविषयक कल्पनेवर झाला, हे नाकारता येत नाही.

हातमाग, कलावंत आणि शासन

लोकनक्षी वस्त्रात आणण्याचा प्रयत्न भारतात नवा नव्हता. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी 'बांग्लार व्रत' या १९१९ मधील पुस्तकात बंगाली स्त्रियांच्या आलपनांचा अभ्यास केला. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या श्रीनिकेतनने ग्रामीण हस्तव्यवसायांना नव्या आकृतिबंधांची जोड दिली. स्वातंत्र्यानंतर या विचाराला शासकीय आधार मिळाला. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात विणकर सेवा केंद्रांची योजना पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने आकारास आली. १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला सादर केलेल्या अहवालातून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा मार्ग मोकळा झाला. ती १९६१ मध्ये सुरू झाली.

विणकर सेवा केंद्रांचे वैशिष्ट्य असे की, तेथे नक्षी तयार करण्याचे काम प्रशिक्षित चित्रकारांकडे सोपविण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या केंद्रात होते. 'कोरा कॅनव्हास' या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे लेखक प्रभाकर बरवे यांनी प्रथम बनारस आणि नंतर मुंबई येथील केंद्रांत काम केले. यंत्रमाग व गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकवायचा असेल तर त्याला वेगळे रूप दिले पाहिजे, आणि ते रूप देशातील लोकपरंपरेतून घ्यावे, ही यामागील भूमिका होती. तिच्यात आर्थिक निकड होती आणि राष्ट्रीय अस्मितेचा आग्रहही होता.

भास्कर कुलकर्णी व जिव्या सोमा म्हसे

या यंत्रणेतील एक कलावंत म्हणजे भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिला भागात पाठविले. तेथील स्त्रिया घरांच्या भिंतींवर काढीत असलेली चित्रे त्यांनी कागदावर काढावीत आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळावे, असा हेतू होता. या चित्रांकडे डब्ल्यू. जी. आर्चर यांचे लक्ष १९३४ च्या भूकंपानंतर गेले होते व १९४९ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात त्यांनी त्यावर लिहिलेही होते. परंतु कागदावरील हस्तांतराने या कलेला बाजार मिळाला. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, यावरून या बदलाचा वेग लक्षात येतो.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी कुलकर्णी वारली वस्त्यांत गेले. येथे मात्र मिथिलेपेक्षा वेगळे घडले. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती आला आणि पुरस्कारही स्त्रियांना मिळाले. वारली प्रदेशात कागदावर सर्वाधिक समर्थपणे चित्रे काढणारा कलावंत पुरुष होता. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी विवाहप्रसंगापुरती मर्यादित असलेली ही रेषा दैनंदिन चित्रणासाठी स्वीकारली. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, तर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या 'मॅजिसियां द ला तेर' या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हसे यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. माशांचे जाळे, शेतीची कामे, गावाची हालचाल यांसारखे विषय त्यांनी या चित्रभाषेत आणले आणि तिला विधीच्या बाहेर स्वतंत्र जीवन दिले. तथापि याच क्षणी कर्तृत्वाची एक अदलाबदल झाली. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी अनामिक राहिल्या आणि चित्रकार म्हणून पुरुषाचे नाव प्रस्थापित झाले. त्यापुढील टप्प्यावर नक्षी कापडावर गेली, तेव्हा पुष्कळदा चित्रकाराचेही नाव गळाले आणि केवळ 'वारली' हे जमातीचे नाव उरले. एका जमातीच्या नावाचे असे एका नक्षीच्या नावात रूपांतर झाले.

भिंतीवरून कापडावर : तंत्राची बंधने

चित्र आणि वस्त्र यांच्या रचनेत मूलभूत भेद आहे. विणलेल्या कापडात प्रत्येक रेषा ताणा व बाणा यांच्या छेदांतून घडवावी लागते. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवली जाते आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक धागा वर वा खाली, असा निर्णय होतो. जॅकार्ड यंत्रणेत हाच निर्णय छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांद्वारे मागास कळविला जातो. त्यामुळे आडव्या व उभ्या रेषा सुलभ होतात, तिरपी रेषा पायऱ्यांची बनते आणि लहान वर्तुळ खडबडीत होते. वारलीतील त्रिकोण विणकामास बराच अनुकूल आहे. उलट काडीने काढलेल्या हातापायांच्या बारीक, किंचित थरथरत्या रेषा विणकामात ताठ होतात. सोलापुरी चादरीवरील परिचित मोरपंखी नक्षी पाहिली असता मागाने आकारांना दिलेली ही शिस्त सहज ध्यानात येते.

छपाईत रेषेचे स्वातंत्र्य अधिक असते. ठसा किंवा जाळी यांच्या साहाय्याने बारीक रेषाही उमटविता येते. परंतु तेथे वेगळी अडचण आहे. वारली चित्र गडद पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाने काढले जाते. कापडावर असा परिणाम साधण्यासाठी एकतर दाट, अपारदर्शक पांढरा रंग वापरावा लागतो, किंवा रंगविलेल्या कापडावरील रंग रेषेपुरता काढून टाकावा लागतो, अथवा भोवतीची जमीन छापून आकृती कोरी ठेवावी लागते. या शेवटच्या पद्धतीत तर चित्राची प्रक्रियाच उलटते : भिंतीवर स्त्री आकृती काढते, कापडावर यंत्र आकृती सोडून बाकी सर्व छापते.

सर्वांत महत्त्वाचे बंधन पुनरावृत्तीचे आहे. मीटरने विकल्या जाणाऱ्या कापडावर एकच आकृतिबंध ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यावा लागतो. तारपा नृत्यातील नर्तकांची रांग ही उघड्या टोकाची, उलगडत जाणारी वलयाकृती असते; तिला आरंभ असतो, पण शेवट मोकळा असतो. छापील पलंगपोसावर ती सहसा बंदिस्त वर्तुळ बनते किंवा किनारीची सरळ ओळ बनते. चौकाची तर पुनरावृत्ती करणेच अवघड. कारण एका घरात एका विवाहासाठी एकच पालघट असते. गृहवस्त्रांवर तारपा, झोपड्या, ताडाची झाडे, बैलगाड्या, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया विपुल आढळतात आणि पालघट देवी क्वचित आढळते, याचे एक कारण येथे सापडते. दुसरे कारण ग्राहकाचे आहे. ज्या कापडावर बसायचे वा निजायचे, त्यावर देवता नसावी ही भावना सार्वत्रिक आहे. अशा रीतीने तंत्र आणि संकोच या दोहोंनी मिळून नक्षीतील केंद्रस्थ देवता बाजूस सारली व परिघावरील आकृती मध्यभागी आणल्या.

मालकीचा प्रश्न आणि कायदा

नक्षीला बाजारमूल्य आले की मालकीचा प्रश्न अटळ ठरतो. या संदर्भात भारतातील तीन कायद्यांचा विचार आवश्यक आहे.

डिझाइन कायदा, २००० अन्वये नव्या व पूर्वी प्रकाशित न झालेल्या नक्षीची नोंदणी होते आणि तिचे संरक्षण प्रथम दहा व नंतर पाच, अशा एकूण पंधरा वर्षांपुरते असते. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली नक्षी 'नवी' नसल्याने जमातीला या कायद्याचा आधार मिळत नाही. लेखाधिकार कायदा, १९५७ व्यक्तिगत चित्राचे संरक्षण करतो. परंतु त्याच्या कलम १५ नुसार, डिझाइन म्हणून नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरविली गेली, की तिच्यातील लेखाधिकार संपुष्टात येतो. पलंगपोसांच्या छपाईत पन्नास ही संख्या एका दिवसाचीही नसते.

तिसरा कायदा भौगोलिक उपदर्शनाचा. १९९९ मध्ये संमत झालेला हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. वारली चित्रकलेची त्याखालील नोंदणी आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून २०१४ मध्ये झाली. जमातीतील तरुणांनी स्वतः पुढाकार घेऊन मिळविलेली ही मान्यता ऐतिहासिक महत्त्वाची आहे. परंतु हा कायदा मुख्यतः नाव व उगमस्थान यांचे संरक्षण करतो, आकृतिबंधाचे नव्हे. 'वारली' हे नाव न वापरता त्रिकोणी माणसांची रांग छापणाऱ्यास त्याद्वारे रोखणे कठीण आहे.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील दोन निवाडे उद्बोधक आहेत. १९९४ मध्ये तेथील संघीय न्यायालयासमोर आलेल्या गालिच्यांच्या खटल्यात, मूलनिवासी चित्रकारांच्या कलाकृती व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर परवानगीविना उतरविल्या गेल्याचे सिद्ध झाले आणि सुमारे १,८८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देण्यात आली. पवित्र आकृतींवर पाय पडणे ही केवळ आर्थिक हानी नाही, हेही न्यायालयाने विचारात घेतले. १९९८ मध्ये जॉन बुलुन बुलुन यांच्या चित्राची नक्कल छापील कापडावर झाल्याच्या खटल्यात, कलावंतावर आपल्या कुळाप्रती विश्वस्तासारखी जबाबदारी असते, हे तत्त्व मान्य झाले. मात्र या दोन्ही खटल्यांचा पाया नाव असलेल्या चित्रकाराच्या लेखाधिकाराचा होता. ज्या कलेत कर्त्यांची नावे नोंदलीच गेली नाहीत, तेथे असा दावा उभा राहणे दुष्कर आहे. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांच्या अनामिकतेचा प्रश्न म्हणूनच केवळ भावनिक नसून तो हक्काचाही आहे.

पुण्याचा संदर्भ

या विषयात पुण्याचे स्थान ग्राहकापुरते मर्यादित नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात असून तिच्या संग्रहालयात राज्यातील आदिवासी जीवनाशी निगडित वस्तू जतन केलेल्या आहेत. या संस्थेचे संचालकपद भूषविलेले डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी समाजासंबंधी मराठीत विपुल लेखन केले. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला व १९७५ मध्ये शासनाकडे सुपूर्द केलेला संग्रह हा तर घरगुती वापरातील वस्तूंमधील सौंदर्याचा दस्तऐवजच आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांच्या मौखिक परंपरेचे संकलन केले.

या सर्व कार्याचे ऋण मान्य करूनही एक बाब नमूद केली पाहिजे. लोकसाहित्याच्या क्षेत्रात स्त्रियांच्या ओव्या व गाणी यांना अभ्यासाचा विषय म्हणून लवकर प्रतिष्ठा मिळाली. त्याच स्त्रियांच्या हातच्या रेषेला तितकी मिळाली नाही. गाण्याचे शब्द लिहून घेतले गेले, चौक मात्र सारवणात गेला. पुढे चित्रांचे संकलन सुरू झाले ते बहुतांशी प्रदर्शन व विक्रीच्या निमित्ताने. यशोधरा डालमिया यांचा १९८८ मधील 'द पेन्टेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' हा ग्रंथ विधी व चित्र यांचा एकत्र विचार करतो, म्हणून तो आजही महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष

१. गृहवस्त्रांवरील वारली नक्षी ही लग्नचौकाची थेट प्रतिकृती नसून कागदावर स्वतंत्र झालेल्या चित्रशैलीचे वस्त्रोद्योगाने केलेले निवडक रूप आहे.

२. या प्रवासात कर्तृत्वाची तीन स्थित्यंतरे दिसतात : अनामिक सवाशिणी, नामांकित चित्रकार आणि पुन्हा अनामिक नक्षी. पहिली अनामिकता सामूहिक श्रद्धेची होती. तिसरी बाजाराच्या सोयीची आहे. दोहोंना एकाच मापाने मोजणे इतिहासास धरून होणार नाही.

३. विणकाम व छपाईतील पुनरावृत्ती, तसेच ग्राहकाची भावना यांमुळे चौकाचे केंद्र गळाले व उत्सवी दृश्ये उरली. परिणामी वारली समाजाची चिरंतन आनंदी, इतिहासविहीन प्रतिमा रूढ झाली. लग्नगडी पद्धत व १९४५ चा उठाव यांच्या स्मरणाशी ही प्रतिमा विसंगत आहे.

४. प्रचलित कायदे स्वतंत्रपणे अपुरे आहेत. भौगोलिक उपदर्शनाच्या नोंदणीस जोड म्हणून वस्त्रावर चित्रकाराचे व गावाचे नाव छापणे, नक्षी वापरण्यापूर्वी लेखी करार करणे आणि मोबदल्याचा वाटा निश्चित करणे, या साध्या उपायांनी बरेच साधता येईल.

५. भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांचा हेतू उत्पन्नाचे साधन निर्माण करणे हा होता आणि तो काही अंशी सफल झाला. म्हणून वस्त्रावरील वारली नक्षीचा सरसकट निषेध अप्रस्तुत ठरतो. नक्षी कापडावर यावी की नाही, हा आता प्रश्न उरलेला नाही. ती कोणाच्या संमतीने व कोणाच्या नावाने यावी, हा खरा प्रश्न आहे.

समारोप

भिंतीवरील चौक पुसला जात असे, तरी तो लिहिणारी स्त्री गावाला ठाऊक असे. कापडावरील नक्षी अनेक धुण्यांनंतरही टिकते, पण ती मूळ कोणाच्या हातची हे वापरणाऱ्यास ठाऊक नसते. चौक लिहिणाऱ्या ज्येष्ठ स्त्रिया जोवर हयात आहेत, तोवर त्यांची नावे, त्यांच्या रेषेतील वेगळेपण आणि त्यांनी दिलेले अर्थ यांची नोंद करणे शक्य आहे. हे काम इतिहास, समाजशास्त्र, मराठी आणि वस्त्रविद्या या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे. महाविद्यालयीन स्तरावरील लघुसंशोधन प्रकल्पांतूनही त्याची सुरुवात होऊ शकते.